चौदा म्हणजे चौदा

"फॅटचा तक्ता कुठंय?" आत्यानं दुधाची किटली मापाच्या टेबलावर आदळत विचारलं.

"दाराआड लावलाय," डेअरीचा सेक्रेटरी म्हणाला. "इथं आता आकाशाचा लागलाय."

"आकाश किती दूध घालतं डेअरीला?"

सेक्रेटरी खाली मान घालून लिहीत राहिला. आत्याशी वाद घालायचा नाही हे त्यानं नोकरी धरली त्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं. भिंतीवर हातभर लांब कागद चिकटवलेला होता आणि त्यावर त्याच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'या वर्षी आकाशात काय काय पाहाल.' खाली बारा महिन्यांची यादी. जानेवारीत उल्कावर्षाव, फेब्रुवारीत पाच ग्रह एका रांगेत, मार्चमध्ये चंद्रग्रहण, ऑगस्टात पुन्हा उल्कावर्षाव, नोव्हेंबरात नेहमीपेक्षा मोठा चंद्र, असं करत करत डिसेंबरपर्यंत. आत्यानं सगळी यादी वाचली. मग दाराआड जाऊन, मान वाकडी करून, आपल्या म्हशीचं फॅट वाचलं आणि घरी गेली.

आत्या सगळ्या गावाची आत्या होती. पदरात पोरगा घेऊन ती तरुणपणीच बापाच्या गावी परत आली होती आणि भावांशी भांडून पाटाच्या पार शेवटचा जमिनीचा तुकडा तिनं पदरात पाडून घेतला होता. पोरगा आता ट्रकवर असायचा, वर्षातून दोनदा तोंड दाखवायचा. घरात ती, सून आणि म्हैस. सूनही तिला आत्याच म्हणायची. आत्याच्या जिभेला हाड नाही असं गाव म्हणायचं, आणि गावाला डोकं नाही असं आत्या म्हणायची. दोघांचंही फारसं चुकत नव्हतं.

आकाशाचं हे खूळ चेअरमनचं. तो आत्याच्या चुलतभावाचा मुलगा, म्हणजे सख्ख्यासारखाच भाचा, आणि डेअरीचा चेअरमन झाल्यापासून त्याला बसल्या जागी काही ना काही सुचत असायचं. शहरातल्या कुठल्याशा बैठकीत त्यानं ऐकलं की चांदण्या बघायला लोक लांब लांब जातात, मात्र तिथं अंधार पाहिजे. अंधार म्हटल्यावर त्याला आपलं गाव आठवलं. रस्त्यावरचे दिवे जाऊन चार वर्षं झाली होती आणि ते बदलायचं काम पंचायतीनं चेअरमनकडंच दिलं होतं. चार वर्षांचा आळस एका रात्रीत गावाचं वैभव झाला. असा अंधार पंचक्रोशीत कुणाकडं नाही, असं तो छाती काढून सांगायला लागला.

जानेवारीचा उल्कावर्षाव गावानं मनावर घेतला. वर्षाव म्हटल्यावर लोकांनी खळ्यावरची तूर प्लास्टिकच्या कागदानं झाकली, वाळत घातलेल्या मिरच्या आत घेतल्या. शिंपी छत्री घेऊन मैदानात आला आणि वर, शहाणपणा केला म्हणून चारचौघांकडं बघून हसला. पहाटेपर्यंत तीन तारे तुटले आणि एक विमान गेलं. विमानाला सगळ्यांत जास्त टाळ्या मिळाल्या. झाकलेल्या तुरीला मात्र खालून ओल धरली.

फेब्रुवारीत चेअरमननं ग्रहांची परेड म्हणून गावात पुकारा केला. लोक अंगणात खुर्च्या टाकून बसले, की आता ते एकामागून एक चालत येतील. एक ग्रह झाडामागं होता, दोन नुसत्या डोळ्यांना दिसणार नव्हते, आणि उरलेल्यांपैकी एक चेअरमनचं भाषण संपेपर्यंत मावळून गेला.

"मग बघितलं काय तुम्ही?" आत्यानं शेजारणीला विचारलं होतं.

"चेअरमनची पाण्याची टाकी," शेजारीण म्हणाली होती. "उजेडात नीट दिसली नव्हती कधी. बरीच मोठी आहे."

इथपर्यंत आत्याला मजा वाटत होती. दुसऱ्याचा मूर्खपणा बघायला तिला कधी कंटाळा यायचा नाही. मार्चच्या दहा तारखेला मात्र तो मूर्खपणा चालत तिच्या दारात आला. तो पाटकऱ्याच्या रूपानं आला. पाटकरी म्हणजे पाटाच्या पाण्याची दारं उघडबंद करणारा माणूस, आणि प्रत्येक शेताला बारा दिवसांतून एक रात्र पाण्याची बारी कधी मिळणार, हे त्याच्या वहीत.

"आत्या, तुमची बारी चौदा-पंधराची," तो उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला. "त्या रात्री दार बंद ठेवायचा हुकूम आहे."

"कुणाचा?"

"चेअरमनचा. ग्रहण आहे. दूधसंघाचे मोठे मोठे पाहुणे यायचेत. पाटाशेजारच्या मैदानात सतरंज्या टाकायच्या, आणि पाट तर तिथं गळतो. चिखल होईल म्हणे."

"पाट गळतो तो बुजवायचा सोडून पाणी बंद करतो होय तो?"

"मी काय बोलू?"

"मग माझी बारी कधी?"

पाटकऱ्यानं वही उघडली, उगाच. त्याला आकडा पाठ होता. "पुढची सव्वीसला. पण वीसला पाट बंद होतोय दुरुस्तीला. दोन महिने."

आत्यानं एकही शिवी दिली नाही, म्हणून पाटकरी घाबरला. तिच्या मक्याच्या कणसांत तेव्हा दूध भरत होतं. आता एक पाणी मिळालं की दाणा टच्च भरणार, न मिळालं तर कणसं नुसती पाचोळ्यात गुंडाळलेली बिनदाण्याची बुरकुंडं. वर्षभराची भाकर त्या कणसांत होती आणि म्हशीचा चारा मक्याच्या ताटांत. विहीर नव्हती, दुसरं शेत नव्हतं. जे काही होतं ते त्या एका रात्रीच्या पाण्यावर होतं.

"चंद्राला सावली पडणार म्हणून माझा मका वाळवायचा," आत्या शेवटी म्हणाली. "भाचा शिकला म्हणायचा."

संध्याकाळी ती सुनेला घेऊन डेअरीत गेली. चेअरमन तक्त्याखाली खुर्ची टाकून बसला होता, समोर दहाबारा माणसं. पाहुण्यांच्या पत्रिका छापून आल्या होत्या आणि त्या तो एकेकाच्या हातात देऊन परत काढून घेत होता, डाग पडू नयेत म्हणून.

"ये आत्या, बस. पत्रिका बघ."

"मला पत्रिका नको, पाणी पाहिजे. माझी एकच बारी उरलीय."

"आत्या, गावाचं नाव होणार आहे. पेपरवाला येतोय. एका बारीचं काय घेऊन बसलीस?"

"तू तुझी सोड मग. माझी कशाला सोडतोस?"

लोक हसले. चेअरमनही हसला, थोडा उशिरा. आत्यानं तक्त्याकडं बोट केलं. तिची नजर आल्यापासून त्याच ओळीवर होती.

"हे काय लिहिलंय, वाच रे सेक्रेटरी."

"'चौदा मार्च. चंद्रग्रहण. रात्री दोन वाजता पूर्ण.'"

"म्हणजे तेरा-चौदाची रात्र, की चौदा-पंधराची?"

हा प्रश्न त्या गावातच कुणी विचारला असता. तिथं दिवस उजाडला की तारीख सुरू व्हायची आणि पुन्हा उजाडेपर्यंत तीच चालायची. रात्री दोन वाजता म्हैस व्याली तरी ती आदल्याच दिवसाची व्यालेली. घड्याळ बारा वाजता काय करतं याच्याशी गावाला काही देणंघेणं नव्हतं. फक्त पाण्याच्या वहीत तसं चालत नसे. आत्याच्या बापाच्या काळात दोन सख्खे भाऊ 'बारा तारखेची रात्र' एवढ्याच शब्दांवरून पाटावर फावडी घेऊन भिडले होते, आणि एकाचा कान तुटल्यावर गावाला अक्कल आली होती. तेव्हापासून वहीत रात्र दोन तारखांनी लिहीत. अकरा-बारा, बारा-तेरा. म्हणजे संशयाला जागाच नाही.

"आत्या, कागदावर चौदा आहे," चेअरमन म्हणाला.

"हो, पण बाराच्या ठोक्याला तारीख बदलते. चौदाचे रात्री दोन म्हणजे तेराला आपण जेवून झोपल्यावर येतात ते. ग्रहण तेरा-चौदाला आहे. तुझे पाहुणे एक दिवस उशिरा येणार."

मग चेअरमन खुर्चीत मागं रेलला आणि लहान पोराला समजवावं तशा आवाजात बोलू लागला.

"हे बघ. चौदा तारीख उजाडते. मग दुपार होते. मग दिवस मावळतो, बरोबर? मग रात्र होते. मग वाजतात दोन. दोन काय, दिवस उजाडायच्या आधीच वाजून मोकळे होतात का? चौदा म्हणजे चौदा. आता तू आम्हाला आकाश शिकवणार का? तू तुझं शेणामुताचं बघ."

दहाबारा माना हलल्या. शिंप्याची तर दोनदा हलली. सेक्रेटरी मात्र कागदाकडं बघत होता. मोबाइलवर बघून यादी त्यानंच उतरवली होती आणि त्याला शंका आली असावी. पण चेअरमनच्या तोंडावर बोलायला नुसती शंका येऊन भागत नाही, पाठीचा कणा लागतो.

आत्या चिडली नाही. तिनं सांगायचं ते चारचौघांत, स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. ऐकायचं नव्हतं तर तो ज्याचा त्याचा प्रश्न.

"बरं, चौदा तर चौदा," ती म्हणाली. "मग तेरा-चौदाची रात्र मोकळीच आहे. ती बारी तुझी आहे. ती मला दे आणि माझी चौदा-पंधराची तू घे."

"बंद दाराची बारी मी घेऊ?"

"गावाचं नाव व्हायचंय ना? आत्ताच म्हणालास, एका बारीचं काय घेऊन बसायचं."

चेअरमनचा चार एकर भुईमूग पाटाखाली होता आणि त्यालाही शेवटचं पाणी पाहिजे होतं. तो जरा थांबला. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मग त्याचा चेहरा एकदम मोठा झाला.

"देतो," तो उभा राहून म्हणाला. "बघा रे. गावासाठी चेअरमननं स्वतःची बारी सोडली. पेपरवाल्याला हे सांगा. पाटकऱ्या, वही आण."

आत्यानं त्याला सही करायला लावली. वाटेत सून म्हणाली, "आत्या, एवढ्या सहज कसा काय तयार झाला तो?"

"बोटं मोजली ती बघितली नाहीस? पाहुणे तीनला ग्रहण बघून जाणार. मग ह्याचा गडी दार उघडणार. उजाडायला तीनचार तास राहतात, तेवढ्यात भुईमूग भिजतो."

"मग तसंच तो आपल्याला नसता का उघडून देऊ शकला?"

"आपण पाहुण्यांत मोडत नाही, बाई," आत्या म्हणाली.

तेराच्या संध्याकाळी पाणी आलं. चेअरमनच्या बारीचं पाणी आत्याच्या बारीपेक्षा दुप्पट जोरात आलं आणि त्यातूनच तिला कळलं की इतकी वर्षं पाटकरी कुणाच्या बाजूनं दार किती उचलत होता. तिनं पाटकऱ्याला मनातल्या मनात शेलक्या शिव्या हासडल्या आणि फावडं घेऊन सरीत उतरली. एक सरी भरली की तिचं तोंड मातीनं बुजवायचं, पुढचीचं उघडायचं. चांदणं पिठासारखं पडलं होतं, कंदिलाची गरज नव्हती. माती पाणी चोखताना बारीक आवाज करत होती.

दीडच्या सुमाराला हाताखालचं दिसेना. पाणी चुकीच्या सरीत शिरलं, बांध फुटला. आत्यानं ढेकळं टाकून तो दाबला आणि वर बघून म्हणाली, "झालं का तुझं सुरू. जरा दम धरायचा होतास, सातच सऱ्या राहिल्यात."

"आत्या, बघा तरी," सून बांधावर बसून मान वर करून म्हणाली. तिच्या आवाजात कधी नसतं ते काहीतरी होतं.

चंद्र तांबडा झाला होता. खरकटं तसंच वाळलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा, आणि तो विझल्यामुळं भोवती इतक्या चांदण्या बाहेर आल्या होत्या की आत्याला आपलं शेत एवढंसं वाटलं. फावड्यावर हनुवटी टेकून ती बघत राहिली. ते सुंदर होतं. चेअरमनच्या यादीतली गोष्ट सुंदर निघावी याचा तिला मनापासून राग आला. मग पायाला पाणी लागलं तशी ती वाकली आणि उरलेल्या सऱ्या तिनं चाचपडत, पायाच्या अंदाजानं भरल्या.

चौदाला दुपारी सेक्रेटरी मोबाइल घेऊन पळत चेअरमनकडं गेला. मोबाइलवर तांबड्या चंद्राचे फोटो होते आणि खाली 'काल रात्री' असं लिहिलेलं. ते त्यानं नंतर सगळ्यांना सांगितलं, चेअरमन खुर्चीवरून खाली उतरल्यावर.

"ते परदेशातलं," चेअरमन म्हणाला होता. "ग्रहण तिकडून सरकत सरकत येतं. आपल्याकडं पोचायला एक दिवस लागणारच. एवढं कळत नाही?"

"हो साहेब," सेक्रेटरी म्हणाला होता. त्याला खरंच कळलं नव्हतं, पण साहेबांना कळलं म्हटल्यावर त्याची झोप शांत झाली.

रात्री पाहुणे आले. दूधसंघाचे संचालक, त्यांच्या बायका आणि पेपरवाला. चेअरमननं गावातली चूलसुद्धा विझवायला लावली होती. जेवणं झाली, भाषण झालं, सगळे सतरंज्यांवर आडवे झाले आणि वर बघू लागले. वर चंद्र लख्ख होता. दोन वाजले, तो तसाच लख्ख. अडीच वाजले. चेअरमन म्हणाला, थोडं पुढंमागं होतं. तीन वाजता त्यानं सांगितलं, आता डाव्या कडेला काळं दिसायला लागलंय, नीट बघा. संचालकांपैकी दोघांना दिसलंसुद्धा. ज्यांना खुर्ची टिकवायची असते त्यांना दाखवाल ते दिसतं.

तिकडं चेअरमनचा गडी पाटाच्या दारापाशी दडून इशाऱ्याची वाट बघत होता. पण पाहुणे हलेनात. ग्रहण न बघता जायचं कसं, एवढ्या लांबून आलोय, असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता. पाणी सोडावं तर सतरंज्यांखाली चिखल, आणि न सोडावं तर भुईमूग. चेअरमन कधी चंद्राकडं बघायचा, कधी पाटाकडं. असं करता करता पूर्वेकडं फटफटलं, आणि उजाडल्यावर दिवसाचं पाणी नियमाप्रमाणं खालच्या गावाला निघून गेलं.

सकाळी आत्या म्हशीला वैरण टाकत असताना एक म्हातारी बाई पदर सावरत आली. ती एका संचालकाची आई होती. तिला तोंड धुवायला पाणी हवं होतं. मागोमाग तिला शोधत चेअरमन आला, डोळे लाल, चेहरा उतरलेला.

"तुम्ही नाही आलात बघायला?" म्हातारीनं चूळ भरून विचारलं.

"मी परवाच बघितलं. तेरा-चौदाला."

"काय बघितलंत?"

"ग्रहण. एकला सुरू झालं, दोनला चंद्र पार तांबडा. माझा बांध फुटला त्यात."

म्हातारीनं आधी आत्याकडं बघितलं, मग चेअरमनकडं. मग ती हसायला लागली आणि हसता हसता तिला ओट्यावर बसावं लागलं. "अहो, मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. ह्यालाच सांगितलं. दहाबारा माणसं होती."

म्हातारी गाडीत बसेपर्यंत आणि गाडी सुटेपर्यंत हसत होती, आणि गाडीत तिनं ते सगळ्यांना सांगितलं असणार. कारण पेपरात आलं ते तीनच ओळींचं आलं आणि त्यात गावाचं नाव नव्हतं.

वीसला पाट बंद झाला. आत्याचा मका भरला. कणीस सोलून नख लावलं तर दाणा नख आत घेईना. चेअरमनच्या रानाला त्यानंतर थेंब मिळाला नाही. काळी जमीन तापली, भेगाळली आणि भाजल्या विटेसारखी घट्ट झाली. काढणीला भुईमूग उपटायला घेतला तर वेल हातात यायचे आणि शेंगा खालीच राहायच्या. मजुरांनी एक दिवस हातपाय मारले आणि दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. चांगलं गणित करणारा माणूस होता तो, त्यामुळं आता चार एकरांतला एकेक वेल कुदळीनं खणून काढायची वेळ त्याच्यावर आणि त्याच्या बायकोवर आली होती.

आत्या डोक्यावर मक्याच्या ताटांचा भारा घेऊन त्या बांधावरून चालली होती. चेअरमन गुडघ्यावर बसून खणत होता. हाताला फडकी गुंडाळलेली. एका वेलाखाली त्याला सात शेंगा सापडल्या होत्या आणि त्यांतल्या तीन कुदळीनं फुटल्या होत्या. तिला बघून तो थांबला.

"आत्या," तो म्हणाला, "तुला माहीत होतं तर त्या दिवशी जरा जोरात सांगायचं होतंस."

आत्या थांबली. डोक्यावर भारा होता, त्यामुळं तिला मान खाली घालता येत नव्हती. नुसती नजर तिनं खाली त्याच्यापर्यंत नेली, जेवढी जाईल तेवढी.

"जोरात मी म्हशीला सांगते," ती म्हणाली. "तिला दोनदा सांगितलं की कळतं."

आणि ती घरी गेली, कारण म्हशीची वेळ झाली होती.